'स्व' आणि ओळख: मानसशास्त्राला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मानसशास्त्राची पदवी करणारे विद्यार्थी, बारावीच्या मुलांचे पालक आणि घरातल्या ज्येष्ठांचा विसरभोळेपणा वाढत चाललाय म्हणून धास्तावलेली मंडळी, या तिघांकडून खालचे प्रश्न येत राहतात. उत्तरांकडे वळण्याआधी एक सांगून ठेवतो. 'स्व'चा खरा सिद्धांत कोणता, या वादात बराच वेळ फुकट जातो. हे सिद्धांत एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं नाहीत, त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. आपला प्रश्न नेमका कोणता, ते आधी ठरवा. मग कोणता सिद्धांत उचलायचा ते आपोआप कळतं.

'स्व' आणि 'ओळख' एकच का?

नाही. 'स्व' म्हणजे अनुभव घेणारा आणि स्वतःकडे वळून पाहू शकणारा. 'ओळख' म्हणजे त्या स्वने माणसांत स्वतःला दिलेली किंवा इतरांनी त्याला दिलेली जागा: मुलगी, नर्स, नाशिककर, वारकरी. याखेरीज तत्त्वज्ञानाचा एक तिसरा प्रश्न आहे. शाळेतल्या फोटोतला तो मुलगा आणि आज पन्नाशीला आलेला हा गृहस्थ एकच कशावरून? प्रश्नपत्रिकेत 'पर्सनल आयडेंटिटी' असा शब्द दिसला की निम्मी मुलं मानसशास्त्रज्ञ एरिक्सनने सांगितलेल्या माणसाच्या विकासाच्या आठ अवस्था लिहून मोकळी होतात. प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अंगाने विचारला असेल तर तिथे लॉक, ह्यूम आणि पार्फिट हवे असतात. आधी प्रश्नाचा रोख बघा.

प्रत्येक पुस्तक विल्यम जेम्सपासूनच का सुरू होतं?

कारण त्याने १८९० मध्ये केलेली मांडणी अजून मोडीत निघालेली नाही. जेम्सने जाणणारा 'मी' आणि जाणला जाणारा 'मी' वेगळे केले. दुसऱ्याचे तीन भाग पाडले: भौतिक, सामाजिक आणि आत्मिक. मुलं इथे हमखास दोन चुका करतात. पहिली चूक कुटुंबाची. जेम्स जवळच्या कुटुंबाला सामाजिक भागात धरत नाही, तो शरीर, कपडे आणि घराबरोबर भौतिक भागात धरतो. दुसरी चूक 'आत्मिक' या भागाची. त्याचा अध्यात्माशी संबंध जोडू नका. जेम्सला तिथे आपले मनोव्यापार, वृत्ती आणि सदसद्विवेक अभिप्रेत आहेत.

त्याचं आत्मसन्मानाचं सूत्रही कामाचं आहे: मिळालेलं यश भागिले बाळगलेली अपेक्षा. दोन मुलांना ८५ टक्के पडले. एकाला ७५ ची आशा होती, दुसऱ्याला ९५ ची. पहिल्याचं गुणोत्तर १ च्या वर जातं, दुसऱ्याचं खाली राहतं. गुणपत्रिका सारखी, पण एका घरी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या घरी कोणी जेवत नाही. सूत्रात खरोखरचे आकडे घालून आत्मसन्मान मोजायला मात्र जाऊ नका. 'अपेक्षा' खाली आणली तरी भार हलका होतो एवढंच जेम्सला दाखवायचं होतं. सगळ्या जगात आपण दुसरेच आलो म्हणून शरमेने खचलेल्या मुष्टियोद्ध्याचं त्याचं उदाहरण आजही चपखल वाटतं.

'लोक काय म्हणतील' याचाही सिद्धांत आहे का?

आहे, आणि तो १९०२ चा आहे. चार्ल्स कूली त्याला आरशातला स्व म्हणतो. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. मी समोरच्याला कसा दिसत असेन याची कल्पना, त्यावर तो काय मत बनवत असेल याची कल्पना, आणि त्यातून माझ्या मनात उठणारा अभिमान किंवा ओशाळलेपणा. पहिल्या दोन्ही पायऱ्या कल्पनेच्या आहेत हे लक्षात घ्या. श्रॉगर आणि शोनमन यांनी १९७९ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांना असं दिसलं की आपलं स्वतःबद्दलचं मत 'लोकांना मी कसा वाटतो असं मला वाटतं' याच्याशी चांगलं जुळतं, लोकांच्या प्रत्यक्ष मताशी मात्र फारसं जुळत नाही. सोसायटीतल्या ज्या काकूंना आपण इतके घाबरतो, त्यांनी आपल्याकडे लक्षही दिलेलं नसतं.

दुसऱ्याच्या नजरेतून स्व कसा घडतो याची जॉर्ज हर्बर्ट मीड या विचारवंताची मांडणी त्याच्या मृत्यूनंतर, १९३४ मध्ये, पुस्तकरूपाने आली. मूल 'टीचर-टीचर' खेळतं तेव्हा एका वेळी एकाच दुसऱ्या माणसाची भूमिका घेतं. कबड्डीत उतरलं की सातही गड्यांच्या जागा एकदम डोक्यात ठेवाव्या लागतात. मीडने उदाहरण बेसबॉलचं दिलं होतं. सगळ्यांची मिळून जी नजर तयार होते तिला तो 'सामान्यीकृत इतर' म्हणतो.

बाळ स्वतःला कधी ओळखायला लागतं? घरी बघता येईल का?

साधारण १८ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. १९७० मध्ये गॅलपने चिंपांझींवर आणि १९७२ मध्ये बियुला ॲमस्टरडॅमने लहान मुलांवर खुणेची चाचणी केली. बाळाच्या नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावायचा आणि त्याला आरशासमोर आणायचं. त्याने हात आरशाऐवजी स्वतःच्या नाकाकडे नेला तर आरशातलं मूल म्हणजे आपणच, हे त्याला कळलं असं धरतात.

आपल्याकडे यात एक अडचण येते. बाळाला रोज तीट लावायची सवय असते, त्यामुळे चेहऱ्यावरचा काळा ठिपका त्याला वावगा वाटतच नाही. म्हणून काजळ वापरू नका. कपाळ आणि गालही टाळा. नाकाच्या बाजूला हळदीकुंकवापेक्षा वेगळ्या रंगाचा, त्वचेला न लागणारा ठिपका द्या. तो तोंड पुसण्याच्या निमित्ताने लावा, म्हणजे स्पर्श जाणवला तरी बाळाला संशय येत नाही. आधी ठिपक्याशिवाय काही मिनिटं आरशासमोर बसवून बाळ नाकाला एरवी किती वेळा हात लावतं ते मोजा. ही तुलना नसेल तर निकालाला अर्थ नाही.

बाळाने हात लावला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. केनियातल्या ग्रामीण मुलांमध्ये, दोन वर्षांपेक्षा बरीच मोठी असूनही, बहुतेक जण आरशासमोर नुसती थिजून उभी राहिली. त्यांना स्वतःची जाणीव नव्हती असा त्याचा अर्थ कोणी लावत नाही. मोठ्या माणसांसमोर कसं वागायचं याची शिकवण तिथे आड येत असावी.

प्रॅक्टिकलसाठी 'वीस वाक्यांची चाचणी' कशी घ्यायची?

कून आणि मॅकपार्टलंड यांनी १९५४ मध्ये आयोवाच्या २८८ विद्यार्थ्यांवर वापरलेलं हे साधन आहे. दिसतं सोपं, पण फसतं पटकन.

एका कागदावर १ ते २० आकडे आणि पुढे रिकाम्या ओळी. वर सूचना: 'मी कोण आहे?' या प्रश्नाची वीस वेगवेगळी उत्तरं लिहा, दुसऱ्याला सांगतोय असं न समजता स्वतःलाच देताय असं समजून लिहा, सुचतील त्या क्रमाने लिहा, महत्त्व किंवा तर्क लावत बसू नका. वेळ १२ मिनिटं. नाव लिहायला सांगू नका, सांकेतिक क्रमांक द्या. उत्तरांत जात, धर्म, घरातली भांडणं असं बरंच काही उतरतं.

वर्गीकरण चार गटांत करतात. 'अ' शारीरिक किंवा ओळखपत्रावरची माहिती: 'मी उंच आहे', 'मी सातपूरला राहते'. 'ब' सामाजिक भूमिका आणि गट: 'मी मोठी बहीण आहे', 'मी ढोलपथकात आहे'. 'क' स्वभाव, आवडी, सवयी: 'मी रागीट आहे', 'मला तिखट मिसळ आवडते'. 'ड' इतकं व्यापक विधान की त्यावरून माणसाचा अंदाजच येत नाही: 'मी माणूस आहे', 'मी एक आत्मा आहे'. कीर्तन-प्रवचनं ऐकत वाढलेल्या मंडळींच्या कागदावर 'ड' जास्त दिसतो. हा प्रश्न त्यांनी आधी दुसऱ्याच संदर्भात ऐकलेला असतो. ही चूक समजून वाक्यं गाळू नका, वेगळी मोजा.

खरी कसोटी 'मी आईची लाडकी आहे' किंवा 'मी घरी शांत असते' अशा वाक्यांना लागते. पहिलं 'ब' की 'क'? दुसऱ्यात स्वभाव आहे, पण तो जागेला बांधलेला. अशा वाक्यांसाठी नियम मोजणी सुरू करण्याआधी लिहून ठेवा. दोघांनी स्वतंत्रपणे गट पाडा आणि मग 'कोहेन्स कॅपा', म्हणजे दोघांचं वर्गीकरण किती जुळतं ते सांगणारा आकडा, काढा. तो ०.७० च्या खाली आला तर नियम धूसर आहेत असं समजा. बसून वाद घालून आकडा वर आणू नका. नियम सुधारा आणि नव्या कागदांवर पुन्हा करा. वीस वाक्यं सगळ्यांची होत नाहीत, म्हणून तुलना संख्येवर करू नका, टक्केवारीवर करा.

आणि चाचणी कुठे घेतली ते जरूर नोंदवा. वर्गात बाईंसमोर बसलेली मुलगी 'मी विद्यार्थिनी आहे' आधी लिहिते. कानागावा, क्रॉस आणि मार्कस यांच्या २००१ च्या अभ्यासात जपानी विद्यार्थिनींची उत्तरं समोर कोण आहे त्यानुसार अमेरिकन विद्यार्थिनींपेक्षा जास्त बदलली. शेजारच्याच्या कागदात डोकावणं हा आणखी एक रोग. एक बाक सोडून बसवा.

भारतीय माणसाचा 'मी' म्हणजे 'आम्ही', हे खरं का?

अर्धं. मार्कस आणि कितायामा यांनी १९९१ मध्ये स्वतंत्र स्व आणि परस्परावलंबी स्व अशी विभागणी मांडली. ती इतकी सुटसुटीत होती की पुढे तिचं 'पाश्चात्त्य म्हणजे एकटा, आशियाई म्हणजे कळपातला' असं घोषवाक्य होऊन बसलं. कझिन्सने १९८९ मध्ये जपानी विद्यार्थ्यांना नुसतं 'मी कोण' विचारलं तेव्हा स्वभावविशेष कमी आले. 'घरी मी कसा', 'मित्रांत मी कसा' असं विचारल्यावर तेच विद्यार्थी अमेरिकन मुलांपेक्षा जास्त स्वभावविशेष लिहू लागले. म्हणजे स्वभावाची जाण होतीच, ती संदर्भाशिवाय बोलत नव्हती. २०१६ मध्ये व्हिनोल्स आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांची माहिती घेऊन दाखवलं की एका टोकाला स्वतंत्र आणि दुसऱ्या टोकाला परस्परावलंबी अशी एकच पट्टी पुरत नाही. निर्णय कोणाच्या सल्ल्याने घेतो, वेगळं दिसणं आवडतं का, सगळीकडे सारखाच वागतो का, ही वेगवेगळी मापं आहेत. निफाडचा एखादा बागायतदार वाण कुठला लावायचा हे कुणालाही न विचारता ठरवेल, पण मुलीचं स्थळ चार भावांना विचारल्याशिवाय पुढे नेणार नाही. त्याला कुठल्या डब्यात टाकणार?

मुलगी बारावीला आहे आणि 'मला काय करायचंय तेच कळत नाही' म्हणते. काळजी करावी का?

बहुतेक वेळा नाही. किशोरवयात ओळख शोधावी लागते या एरिक्सनच्या कल्पनेला जेम्स मार्शियाने १९६६ मध्ये मोजता येण्याजोगं रूप दिलं. तो मुलाखतीत दोनच गोष्टी शोधतो: पर्याय धुंडाळले का, आणि कशाशी बांधिलकी केली का. यातून चार स्थिती निघतात.

ना शोध ना बांधिलकी, ही डिफ्यूजन. शोध न घेताच बांधिलकी, ही फोरक्लोजर: वडिलांचं अंबडला वर्कशॉप आहे म्हणून मेकॅनिकल, विषय संपला. शोध चालू पण निर्णय नाही, ही मोरॅटोरियम. शोधून मग ठरवलं, ही अचीव्हमेंट.

तुमची मुलगी माहिती काढतेय, कोणाला तरी जाऊन भेटतेय, आज मानसशास्त्र आणि उद्या कायदा म्हणतेय, तर ती मोरॅटोरियममध्ये आहे. या स्थितीत चिंता चारही स्थितींत सर्वाधिक असते आणि ती स्वाभाविक आहे. उलट, फोरक्लोजरमधली मुलं शांत आणि आज्ञाधारक दिसतात, म्हणून पालक निर्धास्त राहतात. फोरक्लोजर म्हणजे आजार नव्हे. घरचा धंदा मनापासून आवडणारी मुलंही असतात. अडचण येते ती मार्ग अचानक बंद झाला तर, कारण दुसरा पर्याय कधी डोक्यात आलेलाच नसतो.

काळजी करायची ती दोन ठिकाणी. एक, डिफ्यूजन लांबली आणि त्यासोबत झोप, जेवण, मित्र हेही सुटत चालले तर. दोन, शोध गोल गोल फिरायला लागला तर. लयक्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या 'रवंथ करणाऱ्या शोधा'ला वेगळा काढला, आणि तो निराशेशी जोडलेला दिसतो. ओळखायची साधी रीत: महिनाभरात नवीन माहिती आली का? नवा माणूस भेटला, एखादं ठिकाण पाहिलं, एखादा पर्याय कायमचा खोडला, तर शोध पुढे सरकतोय. तीच तीन नावं रात्री दोन वाजता पुन्हा पुन्हा चघळली जात असतील, तर समुपदेशकाकडे जा.

कलचाचणीचा अहवाल म्हणजे ओळख नव्हे, हेही इथेच सांगतो. तो फक्त शोधाला आरंभ देतो. कॉलेज रोडवर फोल्डरमध्ये घालून मिळालेल्या वीस पानांनी बांधिलकी तयार होत नाही.

लग्नानंतर नाव बदललं की ओळख बदलते का?

नाव बदलण्याची सक्ती कायद्यात नाही, त्यामुळे हा प्रश्न निवडीचा आहे. आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव तर बदलतंच, काही घरांत तांदळावर अंगठीने नवं पहिलं नावही लिहितात. शेल्डन स्ट्रायकरच्या मांडणीत माणसाच्या ओळखी उतरंडीने लागलेल्या असतात. जिच्याशी जास्त आणि जवळची नाती बांधलेली, ती वर. माहेरच्या नावाने जिची प्रॅक्टिस चालते, जिचे संशोधनलेख निघालेत, तिला बदल जास्त बोचतो, कारण तिचं पुष्कळ काही त्या नावाला अडकलेलं असतं. जिला घरीदारी टोपणनावानेच हाक मारतात तिला कदाचित काहीच वाटणार नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आला आहे. त्याचा या पिढीच्या स्व-संकल्पनेवर काय परिणाम होईल, हा एखाद्या विद्यार्थ्याने दीर्घकाळ चालवण्याजोगा प्रकल्प आहे.

सिंहस्थात संन्यास घेणारा स्वतःचं श्राद्ध करतो. मग तो वेगळा माणूस झाला का?

तत्त्वज्ञानाचा अख्खा वाद या एका विधीत सापडतो. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला आणि वैष्णव रामकुंडावर स्नान करतात. दशनामी परंपरेत दीक्षेआधी माणूस स्वतःचं पिंडदान करतो, नाव टाकतो, कूळ टाकतो. जुन्या हिंदू कायद्यातही असा संन्यास वारसाहक्कापुरता मृत्यूसारखा धरला जाई.

लॉकने १६९४ मध्ये, आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हटलं की जाणीव जिथवर मागे पोचते तिथवर ती व्यक्ती. संन्याशाला पूर्वाश्रम आठवतो, म्हणजे लॉकच्या हिशोबाने माणूस तोच. थॉमस रीडने १७८५ मध्ये यात खोट काढली. सेनापतीला तरुणपणी शत्रूचा झेंडा जिंकल्याचं आठवतं. त्या तरुणाला लहानपणी फळं चोरल्याबद्दल खाल्लेले फटके आठवत होते. सेनापतीला फटके आठवत नाहीत. मग सेनापती आणि मुलगा एक आहेत की नाहीत? लॉकच्या नियमाने 'नाहीत', साध्या तर्काने 'आहेत'. यावर नंतरच्यांनी तोडगा काढला तो दुव्यांचा: थेट आठवण नको, एकावर एक चढलेल्या दुव्यांची साखळी पुरे. डेरेक पार्फिट १९८४ मध्ये आणखी पुढे गेला. 'तोच की दुसरा' याला होय-नाही उत्तर असायलाच हवं असं नाही, महत्त्व आहे ते दुवे किती आणि किती घट्ट याला, असं तो म्हणाला.

ह्यूमने १७३९ मध्ये स्वला संवेदनांचा गठ्ठा म्हटलं. त्याच्या कितीतरी शतकं आधी पाली संवादात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? सुट्या भागांपलीकडे जसा वेगळा रथ नाही, तसा वेगळा 'मी'ही नाही, हा त्याचा रोख. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांत राहिलेले भिक्खू याच अनात्मवादाच्या, म्हणजे कायमचा आत्मा नाही असं मानणाऱ्या, परंपरेतले. नाशिकमध्ये बसून हा विषय शिकताना उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही, एवढंच.

आठवणी गेल्या तर माणूस 'तो' राहत नाही का?

घरच्यांचा हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि संशोधनाचं उत्तर अपेक्षेपेक्षा दिलासा देणारं आहे. १९९६ मध्ये क्लाइन, लॉफ्टस आणि किल्स्ट्रॉम यांनी डोक्याला मार लागून अलीकडच्या महिन्यांच्या आठवणी हरवलेल्या एका विद्यार्थिनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रसंग आठवत नसतानाही तिने स्वतःच्या स्वभावाचं केलेलं वर्णन बरी झाल्यानंतरच्या वर्णनाशी जुळलं. मी कसा आहे हे ज्ञान आणि काय काय घडलं याची स्मृती मेंदूत बऱ्याच अंशी वेगवेगळी साठवलेली असते.

स्ट्रोमिंगर आणि निकोल्स यांनी २०१५ मध्ये रुग्णांच्या २४८ नातेवाइकांना विचारलं: तुमचा माणूस अजून तुमचाच वाटतो का? 'हा आता तो राहिलाच नाही' ही भावना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात (यात आठवणीआधी स्वभाव आणि वागणूक बदलते) सर्वाधिक होती, अल्झायमरमध्ये त्याहून कमी, आणि केवळ स्नायू निकामी करणाऱ्या एएलएसमध्ये सर्वांत कमी. फरक पाडत होती ती नैतिक वागणूक: प्रामाणिकपणा, दुसऱ्याची कणव, सचोटी. नुसत्या विस्मरणाचा वाटा कमी होता.

घरी याचा उपयोग असा. 'ओळखलंस का मला? सांग बरं मी कोण?' अशी परीक्षा घेणं थांबवा, त्यातून दोघांनाही त्रासच होतो. सरळ सांगा, 'आई, मी सुनील, जेवायला वाढतोय.' नातवंडाला पहिला घास भरवणं, देवाला फूल वाहणं, पाहुण्याला 'चहा घ्या' म्हणणं हे तिला करू द्या. आणि आठवण शाबूत असताना स्वभाव अचानक बदलला, लाजलज्जा सुटली, पैसे उधळले जाऊ लागले, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा.

आत्मसन्मान वाढवला की गुण वाढतात का?

असा भक्कम पुरावा नाही. बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या आढाव्यात दोन्हींचा संबंध माफकच दिसला, आणि त्यातही चांगल्या कामगिरीमुळे आत्मसन्मान वाढतो ही दिशा जास्त पटण्याजोगी होती. वर्गाला रोज 'मी सर्वोत्तम आहे' म्हणायला लावण्यापेक्षा अपूर्णांक नीट शिकवा.

मोजायचाच असेल तर रोझेनबर्गची १९६५ ची दहा विधानांची श्रेणी आहे. पाच विधानं होकारार्थी, पाच नकारार्थी. १ ते ४ गुण दिले तर नकारार्थी विधानांचे गुण ५ मधून वजा करायचे. ० ते ३ दिले तर ३ मधून. बेरीज पहिल्या पद्धतीत १० ते ४०, दुसरीत ० ते ३०. अहवालात '२२ गुण' एवढंच लिहिलं आणि पद्धत लिहिली नाही, तर तो आकडा निरुपयोगी. उलट गुण द्यायला विसरलं की सगळा वर्ग मध्यावर गोळा होतो. असा आलेख दिसला की आधी तिथेच बघा. अनेक देशांत नकारार्थी विधानं वेगळ्या अर्थाने घेतली गेली आहेत, तेव्हा मराठी भाषांतर आधी दहाबारा जणांना मोठ्याने वाचायला लावून तपासा.

कधी वाईट वाटतं, कधी धास्ती वाटते. यात स्वचा काय संबंध?

टोरी हिगिन्सने १९८७ मध्ये तीन स्व मांडले: आहे तो, व्हायला आवडेल तो, व्हायलाच हवा तो. पहिल्या दोघांत अंतर पडलं की खिन्नता येते. पहिल्या आणि तिसऱ्यात पडलं की अस्वस्थता आणि अपराधीपणा. कागदावर तीन रकाने करून पाच-पाच शब्द लिहा. तिसऱ्या रकान्यातला प्रत्येक शब्द कोणाच्या आवाजात ऐकू येतो ते शेजारी नोंदवा. ही विभागणी प्रत्येक अभ्यासात इतकी स्वच्छ निघालेली नाही, त्यामुळे निदान म्हणून वापरू नका.

कोणता सिद्धांत परीक्षेत लिहावा, पण पूर्ण विश्वास ठेवू नये?

इच्छाशक्ती वापरून संपते, ही १९९८ ची 'अहं-क्षय' कल्पना. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून ती पुन्हा तपासली तेव्हा परिणाम शून्याच्या आसपास निघाला. उत्तरात दोन्ही लिहा.

स्वतःकडेच लांबून पाहतोय, हात आपला वाटत नाही, असं होतं. हे काय?

याला डीपर्सनलायझेशन म्हणतात. जागरण, तीव्र चिंता, घबराटीचा झटका किंवा गांजा यांनंतर थोडा वेळ असं होणं विरळ नाही. निरोगी माणसालाही असा भ्रम घडवता येतो. बॉटविनिक आणि कोहेन यांनी १९९८ मध्ये रबराचा हात समोर ठेवून, खरा हात पडद्याआड लपवून, दोन्हींवर एकाच तालात ब्रश फिरवला आणि लोकांना रबराचा हात आपलाच वाटू लागला. ताल चुकवला की भ्रम विरतो.

पण हे आठवडेन् आठवडे टिकत असेल, कामात अडथळा येत असेल, सोबत बेशुद्धी किंवा झटके असतील तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जाताना कधी सुरू झालं, किती वेळ टिकतं, झोप किती, कोणती औषधं किंवा नशा, आणि 'हे खरं नाही, फक्त असं वाटतंय' हे भान राहतं का, एवढं लिहून न्या. शेवटचा मुद्दा डॉक्टरांना सगळ्यात आधी हवा असतो. डीपर्सनलायझेशनमध्ये ते भान शाबूत असतं आणि सायकोसिसमध्ये सहसा सुटतं. लगेच बोलायचं असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.